वर कोणी नाही, खाली आहे

मंगला जगदाळे यांना भीती वाटत नाही अशी वस्तू अख्ख्या इंदुरात शोधून सापडली नसती. गॅसच्या सिलिंडरची भीती, पालीची भीती, लिफ्टची भीती, बँकेतून येणाऱ्या फोनची भीती. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली, की आपल्या सुक्या कचऱ्यात एखादं ओलं साल निघेल आणि चारचौघांत तो माणूस आपल्याला बोलेल, याची भीती. घराबाहेर पडताना दाराची कडी त्या तीनदा ओढून बघत. एकदा लावली म्हणून, दुसऱ्यांदा पहिल्या वेळी नीट बघितलं नसेल म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचे यजमान दौलतराव होते तेव्हा ते रिक्षात बसून वाट बघत आणि ओरडत, "चल आता, त्या कुंडीला पण शरम वाटत असेल." इंदुरातल्या आमच्या मराठीत कडीला कुंडी म्हणतात आणि फुलझाडाच्या कुंडीला गमला म्हणतात. पाच पिढ्यांपूर्वी जगदाळे होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायला आले, त्यांच्याबरोबर आलेली भाषा इतकी वर्षं हिंदीच्या शेजारात राहिली, मग एवढं होणारच.

माणूस कितीही भित्रा असो, एखादी जागा अशी असते जिथे तो ताठ बसतो. मंगलाताईंची जागा होती टेलिफोन एक्सचेंजमधली खुर्ची. एकतीस वर्षं त्यांनी तिथे काढली. सुरुवातीला ट्रंककॉल जोडायच्या, पुढे चौकशीच्या खिडकीवर बसल्या. खरखरणाऱ्या लाइनवर समोरच्याला नीट कळावं म्हणून तिथे दोन गोष्टी शिकवल्या होत्या: कमी शब्दांत बोला, आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगा. "लाइन एंगेज आहे, बिझी आहे." "पार्टी नाही, बाहेर गेली आहे." त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता, की खांडव्याचे व्यापारी म्हणे मुद्दाम त्यांची पाळी कधी ते विचारत. एकतीस वर्षांत आपला एकही निरोप चुकीचा पोचला नाही, हे त्या पाहुण्यांना हमखास सांगत. त्या एका बाबतीत त्यांना कधी भीती वाटली नाही, आणि घात तिथेच झाला.

दौलतराव गेल्यावर सुदामा नगरातल्या घरात त्या एकट्याच राहिल्या. मुलगा ऋषभ बेंगळुरूला. आई दिवसभर एकटी बसून भिण्याची नवी कारणं काढते, हे त्याला फोनवरून कळत होतं. त्याने एक दिवस वरच्या मजल्याचे फोटो काढले, ॲपवर टाकले आणि आईला सांगितलं, "लोक येतील, तीन-चार दिवस राहतील, शहर बघतील, जातील. तुला सोबत." सोबत झाली, पण भीती दुप्पट झाली. पाहुण्यांना गाद्या टोचतील का, पाणी पुरेल का, जाताना ते काय लिहितील. एका भोपाळच्या बाईने चारच तारे दिले, तर मंगलाताई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

त्या मे महिन्यात कराडहून तिघं जण आले. नचिकेत, त्याची बायको स्पृहा आणि नचिकेतचे वडील अप्पासाहेब. अप्पासाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. भोंगा वाजवायचा आणि कोण किती वाजता आत आला ते बघायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हातात अजून घड्याळ, एका कानाने ठार बहिरे, दुसऱ्याने जेमतेम. इंदूर त्या आठवड्यात चव्वेचाळीस अंशांवर भाजत होतं. अशा दिवसांत कराडची माणसं इंदूर बघायला का यावीत, हे मला अजून समजलेलं नाही, पण सुट्ट्या त्याच दिवसांत असतात.

आल्या दिवशी संध्याकाळी नचिकेतने जिन्यावरून हाक मारली. "काकू, नळाला पाणी नाही येत."

"टाकी खाली आहे नं," मंगलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रुका, मी मोटर लावते."

दोन मिनिटांनी नचिकेत जिना उतरून खाली आला. त्याने घराला एक फेरी घातली. मागच्या मोरीचं झाकण बघितलं, जिन्याखाली वाकून बघितलं, भिंतीवरून शेजारच्या अंगणात डोकावला आणि काही न बोलता वर गेला. मंगलाताई हे सगळं खिडकीतून बघत होत्या. हा नक्की घरातले दोष काढतोय, हे सगळं आता लिहिणार. विचारायचा धीर त्यांना झाला नाही, आणि टाकी कुठे दडली आहे हे विचारायचा नचिकेतला संकोच वाटला. तेवढ्यात पाणी आलं. दोघांपैकी एकाने तेव्हा तोंड उघडलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी राजवाडा पाहिला आणि तिथल्या चौकात अप्पासाहेबांना भोवळ आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, "मी आज येत नाही. तुम्ही जा." सकाळी ते खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तेव्हा मंगलाताई मुगाचे सांडगे घालायच्या तयारीत होत्या. अप्पासाहेब खूश झाले.

"तुमचं अक्षर न् अक्षर ऐकू येतं मला," ते म्हणाले. "घरात माझी सून बोलते, ते सगळं वाऱ्यावर जातं."

"एक्सचेंजमध्ये होते नं मी," मंगलाताई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या.

"लहानपणी आई मला वाळवणापाशी बसवायची. हातात काठी. कावळा आला की उठायचं. दिवसभर तेवढंच काम. माझी पहिली नोकरी म्हणा ती."

"इथे कबूतर फार आहेत, जी. एकदा तर बंदर आला होता. मी तर दोन दिवस छतवर गेलीच नाही."

"मी बघतो की," अप्पासाहेब म्हणाले. मंगलाताईंनी ते बोलायचं म्हणून बोलले असं धरलं आणि हसून सोडून दिलं. गच्चीवर जुनी चादर अंथरून त्यांनी सांडगे घातले, दार ओढलं, आतून कडी लावली, आणि सवयीप्रमाणे जिना उतरता उतरता दोनदा परत जाऊन ती बघितली.

साडेदहाला नचिकेत आणि स्पृहा निघाली. आधी खजरान्याचा गणपती, मग ऊन चढलं की विजय नगरच्या एखाद्या मॉलमध्ये गारव्याला बसायचं, असा बेत होता. फाटकापाशी स्पृहा थांबली. "काकू, अप्पांकडे लक्ष ठेवाल ना? त्यांना फोनसुद्धा ऐकू येत नाही धड. त्यांचे एक जुने सहकारी आहेत, श्रीहरी म्हणून, हल्ली मुलाकडे इथेच असतात. ते कदाचित येऊन घेऊन जातील त्यांना. नक्की नाही."

"तुम्ही आरामात जा. मी आहे नं इथे," मंगलाताई म्हणाल्या.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना धडकी भरली. परका म्हातारा माणूस, काल भोवळ आलेला, आपल्या जिम्म्यावर. त्यांनी बारा वाजेपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. एकदा ताक दिलं, एकदा कैरीचं पन्हं दिलं, एकदा नुसतं दारातून त्यांची छाती वर-खाली होतेय का ते बघितलं. होत होती. अप्पासाहेब जेवले, ताट स्वतः घासून उपडं घातलं आणि आडवे झाले.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मंगलाताईंच्या फोनवर स्पृहाचा मेसेज आला. "काकू, अप्पा वर झोपलेत का? फोन उचलत नाहीयेत. प्लीज बघाल का?"

त्या धावतच वर गेल्या. खोलीचं दार लोटलेलं, पलंगावर कोणी नाही. बाथरूममध्ये नाही, बाल्कनीत नाही. फोन चार्जिंगला लावलेला, चपला नाहीत. वरून गरम झळ येत होती. बघितलं तर गच्चीचं दार अर्धवट उघडं. त्या सात-आठ पायऱ्या चढल्या. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं, की डोळ्यांपुढे क्षणभर काहीच दिसेना. चादर दिसली, तिच्यावरचे सांडगे दिसले. "अप्पासाहेब," त्यांनी हाक मारली. काही नाही. आपणच सकाळी दार विसरलो, अशाने सगळं घर तापेल, असं पुटपुटत त्यांनी दार ओढलं, कडी सरकवली आणि जिन्यातच उभं राहून एका बोटाने उत्तर लिहिलं. एक्सचेंजमध्ये शिकवलं होतं तसंच. कमी शब्दांत, आणि खात्रीसाठी दोनदा.

"वर कोणी नाही. खाली आहे."

म्हातारा माणूस गेला कुठे? फाटक उघडून त्या गल्लीत जाणार, इतक्यात उत्तर आलं. "बरं झालं काकू! आता काळजी नाही. आम्ही पाचपर्यंत येतो."

मंगलाताईंनी तो मेसेज दोनदा वाचला. खोली रिकामी आहे हे ऐकून सुनेला बरं वाटतंय, म्हणजे तिला माहीत आहे. म्हणजे ते श्रीहरी येऊन घेऊन गेले. जेवणानंतर आपण स्वयंपाकघर आवरत होतो तेव्हा आले असतील. त्यांनी इतका मोठा निःश्वास सोडला, की भिंतीला टेकावं लागलं. आयुष्यभर नको त्या गोष्टींना भ्यालेली ही बाई, ज्या दुपारी भ्यायला हवं होतं त्या दुपारी निवांत जाऊन कूलरसमोर आडवी झाली.

कूलर जुना होता, विमानासारखा घुमायचा आणि त्याची जाळी ढिली होती. तीन महिने त्या ती दुरुस्त करायचं म्हणत होत्या. झोपेत त्यांना ठकठक ऐकू आलं. ठकठक, मग शांत, मग पुन्हा ठकठक. जाळी बसवून घ्यायला हवी, असं मनाशी म्हणत त्यांनी कूस बदलली.

पावणेपाचला रिक्षा थांबली. स्पृहाच्या हातात प्रसादाची पिशवी होती. "कुठे आहेत अप्पा? त्यांना लाडू आणलेत."

"मतलब?" मंगलाताई म्हणाल्या. "आले नाही नं अजून. श्रीहरीजींसोबत आहेत नं?"

"श्रीहरीकाकांसोबत? ते तर गावाला गेलेत, आम्ही निघाल्यावर लगेच फोन आला होता त्यांचा." स्पृहाचा चेहरा बदलला. "काकू, अप्पा तुमच्याकडे खाली होते ना?"

"माझ्याकडे? नाही तर."

"तुम्हीच लिहिलंत!" स्पृहाने पिशवी पायरीवर ठेवली आणि फोन काढला. "हे बघा. वर कोणी नाही, खाली आहे."

"हो नं. खालीच होती रूम. पूरी खाली. मी स्वतः बघितली."

आधी नचिकेतला उमगलं, कारण घराभोवती टाकी शोधत फिरलेला तो एकटाच होता. "रिकामी," तो म्हणाला. "खाली म्हणजे रिकामी. हिंदीतलं खाली."

"तर! और काय?" मंगलाताई म्हणाल्या.

आपण काय लिहिलं आणि समोर काय पोचलं, हे त्यांना तेव्हा कळलं. कराडची माणसं खाली म्हणजे तळमजल्यावर समजतात. त्यांना वाटलं अप्पासाहेब खाली काकूंपाशी बसलेत, काकूंना वाटलं ते श्रीहरींपाशी आहेत, आणि पावणेदोनपासून तीन तास तो माणूस कोणापाशीच नव्हता. "आहे लिहिलं होतंत," स्पृहा रडत म्हणाली. "अप्पांना कोणी आहे म्हणेल का, आहेत म्हणेल. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

नचिकेत तीच रिक्षा घेऊन मोठ्या रस्त्याकडे गेला. स्पृहा बागेकडे आणि कोपऱ्यावरच्या देवळाकडे धावली. जाताना ती ओरडून सांगून गेली, "काकू, तुम्ही घरीच थांबा. ते परत आले तर कोणीतरी हवं."

मंगलाताई पायरीवर लाडवांच्या पिशवीशेजारी बसल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ झालं होतं, समोरच्या घराच्या खिडक्यांवर पडदे ओढलेले, सगळीकडे कूलर घुमत होते. अशा उन्हात गेल्या आठवड्यात भाजीवाला गाडीवरच बसल्या बसल्या गेला, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. एखाद्या झाडाखाली अप्पासाहेब पडले असतील. रस्ता चुकले असतील, कोणी हाक मारली असेल आणि त्यांना ऐकू आलं नसेल. एकतीस वर्षांत एकही निरोप चुकला नाही म्हणून मिरवत होतीस ना, त्या स्वतःला म्हणाल्या. एक चुकला आणि माणूस गेला. भीतीने त्यांचे दात वाजत होते, चव्वेचाळीस अंशांत.

त्यांनी फोन पुन्हा उघडला. आपलंच वाक्य पुन्हा वाचलं. खाली, खाली, तोच शब्द डोळ्यांना टोचत होता. मग नजर पहिल्या शब्दावर गेली. वर. वर कोणी नाही.

वर आपण काय काय बघितलं? खोली बघितली. बाथरूम, बाल्कनी. मग गच्चीचं दार उघडं होतं, ते आपण सकाळी विसरलो होतो.

आणि इथे मंगलाताई बसल्या जागी थंड झाल्या. विसरलो? ज्या बाईने आयुष्यात एकही कडी तीनदा बघितल्याशिवाय सोडली नाही, ती विसरली? त्यांना सकाळची प्रत्येक खेप आठवली. लावली, उतरलो, परत गेलो. उतरलो, परत गेलो. कडी लागलेली होती. त्यांचं कडी ओढणं हे वेड असेल, पण त्या वेडात चूक कधी नव्हती. म्हणजे दार कोणीतरी उघडलं होतं. म्हणजे आपण कडी लावली तेव्हा उघडणारा माणूस बाहेर होता.

ठकठक. कूलरची जाळी.

त्या उठल्या. जिना रोजचाच, पण आज तो संपेना. वर जे दिसेल ते बघायचं नव्हतं आणि त्यासाठी थांबताही येत नव्हतं. एका पायरीवर त्या दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या राहिल्या आणि देवाला म्हणाल्या, माझ्या हातून नको, दुसरं काहीही कर, पण माझ्या हातून नको. लोखंडी दाराला हात लावला तर चटका बसला. आतल्या बाजूने एवढं तापलं होतं. त्यांनी पदर गुंडाळून कडी सरकवली.

सांडगे जसेच्या तसे होते. एकही हललेला नव्हता. दारातून दिसत नाही अशा कोपऱ्यात विटांच्या चार खांबांवर टाकी, आणि तिच्याखालच्या बोटभर सावलीत दोन पाय दिसत होते. अप्पासाहेब टाकीखाली सरपटत शिरले होते. टाकीचा छोटा नळ उघडून पंचा भिजवून त्यांनी डोक्यावर घेतला होता, पण तोही कधीच वाळून कडक झाला होता. तोंड लाल, ओठ फुटलेले, शेजारी गमल्यांना आधार द्यायची एक काठी. मंगलाताई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी अप्पासाहेबांच्या छातीवर हात ठेवला आणि सकाळी दारातून बघितलं होतं ते आता हाताने शोधलं.

छाती हलत होती. फार थोडी.

मग त्या गच्चीच्या कठड्याशी गेल्या. माकड आलं म्हणून दोन दिवस गच्चीवर न फिरकलेली ही बाई कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली आणि खरखरीतून खांडव्याला पोचणाऱ्या आवाजात ओरडली, "स्पृहा! वर! अप्पासाहेब वर आहेत! छतवर, गच्चीवर!" दोनदा, दोन शब्दांत. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. समोरचे लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले, कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला.

अप्पासाहेब वाचले. दोन दिवस काही खरं नव्हतं. त्या दोन दिवसांत मंगलाताईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून जे भोगलं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. तिसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले आणि चहा मागितला. दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. मंगलाताई डब्यात मऊ भात घेऊन आल्या, तेव्हा पलंगाभोवती हसणं चाललं होतं. नचिकेत नर्सला टाकीची गोष्ट सांगत होता. टाकी खाली आहे म्हणाल्या आणि मी घराभोवती शोधतोय. भीती ओसरली की माणसं असंच करतात, त्यांची आता एक गंमत झाली होती, कराडला गेल्यावर सांगायची.

स्पृहाने उठून मंगलाताईंना खुर्ची दिली. "काकू, चूक माझीच होती. नीट वाचायला हवं होतं मी. आणि अप्पा तरी बघा, भर उन्हात वाळवण राखायला जाऊन बसले. तुम्ही नसता तर सापडलेही नसते. मी पाच तारे देणार आहे तुम्हाला, आणि मोठं लिहिणार आहे."

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडून तळवे बघितले. दोन्ही तळव्यांवर मोठाले फोड होते. "ये हाथ कैसे जले, दादाजी?"

"टाकीला लागले असतील," अप्पासाहेब म्हणाले. "सावलीत बसलो, वेळ कळलीच नाही मला."

छत्तीस वर्षं भोंग्याची वेळ न चुकवलेला माणूस म्हणत होता, वेळ कळलीच नाही. मंगलाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. टाकी प्लास्टिकची होती. लोखंडाचं होतं ते दार. त्यांनी किती वेळ ते दार ठोठावलं असेल, हे त्या तळव्यांवर दिसत होतं, आणि हा माणूस त्यातलं अवाक्षर बोलत नव्हता. कोणीही विचारलं नव्हतं. आता कोणी विचारणारही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं.

डबा मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "कुंडी मी लावली होती."

"हो काकू, किती छान आहेत गच्चीवर तुमच्या कुंड्या," स्पृहा हसून म्हणाली. "मी विचारणारच होते, एवढ्या उन्हात मोगरा कसा जगवता?"

मंगलाताईंना क्षणभर काही कळेना, आणि मग कळलं. पुन्हा तेच झालं होतं. त्यांनी एक पाठवलं आणि पलीकडे दुसरंच पोचलं. या खेपेला त्यात त्यांची सुटका होती. सांगायचं ते सांगून झालं होतं, समोरच्याला समजलं नाही तर त्यात त्यांचा काय दोष?

अप्पासाहेब त्यांच्याकडेच बघत होते. त्यांना मंगलाताईंचं अक्षर न् अक्षर ऐकू यायचं. "असू द्या," ते हळूच म्हणाले. "कुंड्या चांगल्या आहेत."

मंगलाताई उभ्या राहिल्या. दौलतराव गेले त्या दिवशीसुद्धा त्या इतक्या भ्यालेल्या नव्हत्या. मग त्यांनी एक्सचेंजमधल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "फुलांची कुंडी नाही. दाराची कडी. अप्पासाहेब बाहेर होते आणि मी आतून कडी लावली."

नचिकेतचं हसू तोंडावरच राहिलं. स्पृहाने त्या तळव्यांकडे बघितलं, मग मंगलाताईंकडे. मंगलाताई बसल्या नाहीत. लाइन जोडली की पलीकडून आवाज येईपर्यंत थांबायचं असतं, तशा त्या डबा धरून थांबल्या.